चालणाऱ्यांसाठी वाहनतळ

हिनोसे,
ता. १४ एप्रिल २०१९

ती. ताईस,
तेरुओचे कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. तुमची इमारत पाडून तिथे नवी उठणार आणि नोव्हेंबरअखेर तुला जागा सोडावी लागणार, हे वाचून तुझ्या भावजयीला, योशिनोला, वाईट वाटलं. मला, खरं सांगू का, आनंद झाला. चोपन्न वर्षं ओसाकात काढलीस, पुरे झाली. भावोजी गेले, तुझा ताकुमी तिकडे सिंगापुरात नोकरीला. आता बाबांच्या दुकानाच्या माडीवर येऊन राहायचं म्हणतेस, तर खुशाल ये. दुकान बंद होऊन सोळा वर्षं झाली, पण छप्पर अजून गळत नाही. बाबा खडावा तासायचे तो ठोकळाही जागेवर आहे. जागा तुझ्या-माझ्या दोघांच्या नावावर आहे, तेव्हा परवानगी कसली मागतेस?

तुझी काळजी एकच, की तुला गाडी चालवता येत नाही आणि हिनोसेत पायी जगता येईल का. ताई, तू अगदी मुहूर्त साधून विचारलंस! गेल्याच आठवड्यात नगराध्यक्षांनी 'चालतं गाव समिती' नेमली. तिचा अध्यक्ष कोण, तर तुझा धाकटा भाऊ. नगरपालिकेच्या रस्ते विभागात छत्तीस वर्षं घासली त्याचं चीज झालं. सत्त्याऐंशी साली हमरस्त्याचे पदपथ उखडून रस्ता रुंद केला तो मीच, हेही नगराध्यक्षांनी भाषणात आवर्जून सांगितलं. म्हणाले, ज्यानं काढले त्यालाच ते कुठे होते ते ठाऊक असणार.

पहिली बैठक थाटात झाली. अकरा सभासद अकरा गाड्यांतून आले. सभागृहासमोर जागा आठच गाड्यांची, त्यामुळे सुरुवात व्हायला पाऊण तास लागला. शेवटचे तिघे मागच्या मैदानावरून चालत आले आणि दोनशे पावलं चालावं लागल्याबद्दल त्यांनी नाराजी नोंदवली. शहरातून एक तरुण तज्ज्ञ येतो, काशिवादा नावाचा. तो स्टेशनवरून घडीच्या सायकलनं यायला निघाला होता. सार्वजनिक न्हाणीघरवाल्या उनोकीनं त्याला वाटेत पाहिलं आणि बिचाऱ्याची गाडी बिघडली असेल म्हणून सायकलीसकट उचलून आणलं. पोरगा फार भिडस्त, त्यानं आभारही मानले.

वर्षभरात तू खडावा घालून गावभर हिंडशील, हा माझा शब्द. योशिनो मुळ्याचं लोणचं पाठवते आहे.

लोभ आहेच, तो आपल्या हमरस्त्यासारखा रुंद होत जावा.

तुझा,
तेरुओ


ओसाका,
ता. २ मे २०१९

चि. तेरुओस अनेक उत्तम आशीर्वाद.

पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना मौज वाटते, पण तू अध्यक्ष झालास म्हणून काही मोठा झाला नाहीस. लोणचं उत्तम होतं. योशिनोला सांग, मीठ अर्धी चिमूट कमी.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बैठक कळली, भाषण कळलं, उनोकीनं सायकल उचलली तेही कळलं. मी विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र कुठे सापडलं नाही. लहानपणी आईनं तुला गृहपाठ झाला का म्हणून विचारलं की तू तिला पेन्सिलीला केवढं छान टोक केलंय ते दाखवायचास. सवय गेली नाही म्हणायची.

इथे माझं कसं आहे ते सांगते. जिना उतरले की भाजीवाली नव्वद पावलांवर. तिच्या पलीकडे तोफूवाला. डॉक्टर चौकात आहेत, आणि न्हाणीघर मागच्या गल्लीत. मी काही कुणी मोठी चालणारी नाही रे. एकोणऐंशी वर्षांची म्हातारी आहे, गुडघे कुरकुरतात. पण रोज चार माणसं भेटतात, चौघं चौकशी करतात, आणि एखाद दिवस दिसले नाही तर तोफूवाला जिना चढून वर येतो. ते संपलं तर मी संपले, हे तुला स्पष्ट लिहिते. ताकुमी म्हणतो, वृद्धाश्रमात नाव नोंदवतो, तिथे सगळं एका छपराखाली आहे. मी त्याला म्हटलं, मला छप्पर नकोय, रस्ता हवाय.

तेव्हा तुझ्या समितीला माझा एकच प्रश्न. बाबांच्या दुकानातून निघून, माझ्या या दोन पायांनी जाऊन, तोफूची एक वडी घेऊन मी परत येऊ शकते का? हो की नाही, एवढंच लिही.

आशीर्वाद आहेतच. उत्तर नीट आलं तर आणखी पाठवीन.

तुझी,
मित्सुए ताई


हिनोसे,
ता. २० जून २०१९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नावर समितीत सविस्तर चर्चा झाली. सध्या तोफू बायपासवरच्या मोठ्या दुकानात मिळतो, ते अंतर साडेतीन किलोमीटर आहे. पण हे झालं सध्याचं! आपल्या आराखड्यात तोफू तीनशे मीटरच्या आत आहे. नकाशावर हिरव्या रंगात दाखवलाय. डॉक्टर फिक्या निळ्या रंगात आहेत. नकाशा इतका देखणा झालाय की नगराध्यक्षांनी तो चौकट करून आपल्या खोलीत लावला. त्यामुळे आम्हाला बैठकीत तो बघायला मिळत नाही, पण आठवणीवर काम चाललंय.

गावाला एक मानचिन्हही मिळालं. शेजारच्या गावाला अस्वल आहे, आपण मागे का राहायचं? आपला हसरा मुळा आहे, दोन पायांवर चालणारा, नाव तेकुतेकु. मुळ्याच्या वेषात नगरपालिकेचा एक कारकून असतो. वेषाला पाय फारच आखूड लावलेत, त्यामुळे त्याला पायरीसुद्धा चढता येत नाही. म्हणून त्याला छोट्या मालमोटारीत उभा करून गावभर फिरवतात आणि तो हात हलवून लोकांना चालायला सांगतो. मुलांना आवडतो.

लोकजागृतीही जोरात आहे. तुला आठवतं, सूचनांची फळी एका घरातून दुसऱ्या घरात जायची आणि तिच्यासोबत आई आपल्याला पिटाळायची? हल्ली ती फळी गाडीतून जाते, दोन घरं पलीकडे असली तरी. आम्ही त्या फळीवरच सूचना लावली की फळी पायी पोचवावी. सूचना सगळ्यांनी वाचली, खाली सहीऐवजी आपापला शिक्का मारला आणि गाडीत टाकून पुढच्या घरी नेऊन दिली.

हसू नकोस. काम मोठं असतं तेव्हा वेळ लागतो. पितरांच्या दिवसांत ऑगस्टमध्ये येशीलच, तेव्हा डोळ्यांनी पाहा.

लोभ असावा, आणि थोडा धीरही असावा ही विनंती.

तुझा,
तेरुओ


ओसाका,
ता. २० ऑगस्ट २०१९

चि. तेरुओस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. योशिनोनं बांधून दिलेले भाताचे गोळे गाडीत खाल्ले, शेजारच्या बाईलाही एक दिला.

आता कबुली. तुला मी साडेतीनच्या आगगाडीनं येते म्हणून सांगितलं आणि आले अकरा चाळीसच्या. मला स्टेशनपासून दुकानापर्यंत एकटीनं चालून पाहायचं होतं. सव्वादोन किलोमीटर, लहानपणी आपण ते धावत जायचो. पुढे जे झालं ते तुला अर्धवटच ठाऊक आहे, म्हणून सगळं लिहिते.

शंभर पावलं गेले नाही तोच पहिली गाडी थांबली. बाई म्हणाल्या, आजी, बसा, कुठे जायचंय? म्हटलं, कुठे नाही, चालतेय. त्या इतक्या चिंतेनं बघायला लागल्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं. दुसरी गाडी पुलापाशी. तिसरीतले गृहस्थ तर खाली उतरून दार उघडून उभेच राहिले, वर म्हणाले की या वयात मुलं अशी सोडून देतात, कठीण आहे. मी म्हटलं, अहो, मला हौस आहे. त्यावर त्यांनी मान हलवली आणि फोन काढला.

देवळाजवळ येते न येते तोच खांबांवरचे भोंगे खरखरले. मी उभी राहून ऐकलं. राखाडी टोपी घातलेल्या, हातात जांभळं बोचकं असलेल्या एक वृद्ध महिला हमरस्त्यावर पायी जाताना आढळल्या आहेत, कुणी ओळखत असल्यास पोलीस चौकीला कळवावं. मी आधी इकडेतिकडे पाहिलं, कोण ती बिचारी म्हणून. मग माझ्या हातातलं बोचकं दिसलं.

पोलीस फार सभ्य होता. त्यानं विचारलं, आज वार कुठला, पंतप्रधान कोण, शंभरातून सात गेले किती. मी सगळं बरोबर सांगितलं. मग विचारलं, तर चालत का जाताय? मी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. शेवटी चौकीत बसवून त्यानं तुला बोलावलं आणि भोंग्यावर दुसरी घोषणा झाली, की महिला सुखरूप सापडल्या आहेत, सहकार्याबद्दल आभार. सापडल्या म्हणे! मी हरवलेच कुठे होते?

वाईट माणसं नाहीत रे तुझ्या गावची, फार चांगली आहेत. इतकी चांगली आहेत की मला तिथे दोनशे पावलं चालू देणार नाहीत.

आणखी एक. तुझ्या गाडीच्या पुढच्या कडेला हिरवा रंग लागलाय आणि पत्रा आत गेलाय. विचारलं तर तू घाईघाईनं कलिंगड कापायला गेलास. आणि वयस्कर चालकानं गाडीवर लावायचं ते पानाच्या आकाराचं रंगीत चिन्ह तू काचेऐवजी आतल्या खणात चिकटवलंयस, तेही पाहिलं. काय झालंय ते मला लिहिशील का?

माडी झाडून ठेवल्याबद्दल योशिनोचे आभार. मला तिथे झोप छान लागली.

आशीर्वाद, आणि जरा कान पिळते आहे असं समज.

तुझी,
मित्सुए ताई


हिनोसे,
ता. ३० सप्टेंबर २०१९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, क्षमा कर. कागदपत्रं फार आहेत, हल्ली बहुतेक घरीच असतो. गाडीला काही नाही झालेलं, किरकोळ.

एक आनंदाची बातमी. जिल्ह्याकडून अनुदान हवं असेल तर हमरस्त्यावर दिवसाला तीनशे चालणारे दिसले पाहिजेत, अशी अट आहे. जुलैत आम्ही गुपचूप मोजून पाहिलं. बारा तासांत चौदा. त्यातला टपालवाला सहा वेळा मोजला गेला होता आणि दोघं तर मोजणारेच होते, लघवीला गेलेले. काशिवादा कपाळाला हात लावून बसला. तेव्हा मीच सुचवलं की सूचनांची फळी फिरवावी. आपल्याकडे गटार सफाईला दर घरचा एक माणूस येतोच, नाही आला तर वर्षभर मान खाली घालावी लागते. तसंच हे. शेवटच्या रविवारी दर घरातून एक माणूस, सकाळी नऊला, हमरस्त्यावर चालण्यासाठी.

ताई, गाव लोटलं! काल एका दिवसात आठशे सेहेचाळीस चालणारे. सवयीनं काहींनी रबरी बूट घातले होते, चार-पाच जण विळे घेऊन आले होते. हजेरीची वही ठेवली होती, तिच्यावर रांग लागली.

एकच गोष्ट ध्यानात आली नव्हती. सगळे आले गाड्या घेऊन. उशीर होऊन कुणाची गैरसोय नको म्हणून सगळे आठलाच निघाले. बँकेच्या चौकापासून देवळापर्यंत गाड्याच गाड्या, हिनोसेच्या इतिहासातली पहिली वाहतूक कोंडी. भोंग्यावरून सांगावं लागलं की चालायला आलेल्या नागरिकांनी कृपया थोडा वेळ गाडीतच बसून राहावं. तेकुतेकुची मालमोटार पुलावर अडकली आणि आतला कारकून उन्हानं घेरी येऊन पडला. पण चिडलं कुणी नाही. लोक काचा खाली करून गप्पा मारत होते. कित्येकांची तर वर्षांनी भेट झाली म्हणे.

आज समितीनं निष्कर्ष काढला. हिनोसेचे नागरिक चालायला अत्यंत उत्सुक आहेत, अडचण फक्त गाडी लावायच्या जागेची आहे. तेव्हा अनुदानातून हमरस्त्यालगत मधोमध चालणाऱ्यांसाठी वाहनतळ बांधावा. एकमतानं ठरलं. काशिवादानं हात वर करून काही सांगायचा प्रयत्न केला, पण चहा आला.

ता. क. सोबत एक कागद आहे. त्यावर तुझा शिक्का हवाय. घाई नाही. म्हणजे नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत.

लोभ कमी होऊ देऊ नकोस, काहीही झालं तरी.

तुझा,
तेरुओ


हिनोसे,
ता. ९ ऑक्टोबर २०१९

ती. वन्संना,
योशिनोचा त्रिवार नमस्कार.

मी कधी आपणहून पत्र लिहिलं नाही, तेव्हा हे बघून आपण दचकाल. हे पलीकडच्या खोलीत आहेत, म्हणून बारीक अक्षरात लिहिते.

आपल्याला आलेला कागद मी पाहिलेला आहे. वाहनतळ कुठे होणार हे ह्यांनी आपल्याला लिहिलं नसणार. मामंजींचं दुकान, शेजारची दोन बंद दुकानं आणि उनोकींचं न्हाणीघर, एवढी ओळ पाडायची आहे. हे त्या जागेवर आपण होऊन पाणी सोडून आले असतील असं समजू नका. झालं असं, की बैठकीत जागेचा विषय निघाला तेव्हा नगराध्यक्ष उठले, ह्यांच्यासमोर कमरेत वाकले आणि वडिलोपार्जित वास्तू गावाला दिल्याबद्दल त्यांनी ह्यांचे आभार मानले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी अजून काही दिलंच नव्हतं. पण आभार मानून झाल्यावर नाही कसं म्हणायचं? मग कुणाची हरकत आहे का म्हणून विचारलं. कुणी बोललं नाही. हेही बोलले नाहीत. अध्यक्षानंच स्वतःच्या घरासाठी हरकत घ्यावी, हे शोभत नाही म्हणे. त्या रात्रीपासून जेवण धड नाही. मला म्हणाले, ताईला काय तोंड दाखवू?

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. हिरवा रंग आपण ओळखलात. जुलैअखेर समितीनं चौकात हिरवी पाटी लावली होती, 'पादचारी आधी' अशी. तिच्यावर ह्यांनी गाडी घातली. पाटीच्या मागे त्या वेळी कुणी नव्हतं, देवाची कृपा. मग गाडीच्या परवान्यासाठी पंचाहत्तरीला घेतात ती परीक्षा आली. सोळा चित्रं दाखवून ती आठवायला सांगतात, ह्यांना पाच आठवली. डॉक्टरकडे जा म्हणाले. हे गेले नाहीत, सरळ चौकीत जाऊन त्यांनी परवाना परत केला. त्याबद्दल टॅक्सीची सवलतपत्रं मिळाली. गावात टॅक्सी एकच आहे आणि तिचा मालक एक्क्याऐंशी वर्षांचा आहे.

तेव्हापासून वन्सं, हे फाटकाबाहेर पायी पडलेले नाहीत. शेजारी सांगितलंय, गाडी दुरुस्तीला आहे. बैठकीला मी नेऊन सोडते, तेही मागच्या दारानं. चालत्या गावाचा अध्यक्ष, पण चालताना कुणी बघेल म्हणून घरात बसलेला! मी हसावं की रडावं? दिवसभर खिडकीशी बसून बायपासवरच्या गाड्या बघतात.

मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका. शिक्का मारायचा की नाही ते आपण ठरवा, मी काही सांगण्याच्या अधिकारात नाही. फक्त मारू नये असं मला वाटतं.

आपली माया आमच्यावर राहो.

आपली,
योशिनो


ओसाका,
ता. २५ ऑक्टोबर २०१९

चि. तेरुओस आशीर्वाद.

तुझा कागद परत पाठवते आहे. शिक्का मारलेला नाही. कागदावरचा जमिनीचा क्रमांक मला तोंडपाठ आहे, बाबा दरवर्षी कर भरायला मलाच पाठवायचे. घाई नाही असं लिहून खाली तारीख देणारा माणूस काय लपवतोय ते कळायला मला चष्मा लागत नाही.

रागावले आहे. तीन दिवस रागावून होते म्हणून पत्र लिहिलं नाही. माझं राहायचं घर तू पेन्सिलीचं टोक दाखवता दाखवता देऊन टाकलंस. मी कुठे जाणार होते, याचा विचार टाळ्या वाजत असताना एकदा तरी मनात आला होता का? आला असणार. म्हणूनच जास्त राग येतो.

खालचा मजकूर समितीत मोठ्यानं वाचून दाखव. तुला जमत नसेल तर हे ताईनं लिहिलंय, मी नुसतं वाचतोय असं सांग.

'अध्यक्ष आणि सभासद यांस नमस्कार. जागेच्या निम्म्या भागाची मी मालक आहे. तुम्ही माझ्या भावाचे आभार मानलेत, माझे मानायचे राहिले, तेव्हा मी मोकळी आहे. माझी हरकत आहे. मला त्या घरात राहायचंय आणि त्या रस्त्यावरून चालायचंय. तुमचं गाव चालतं करायला तुम्हाला चालणारी माणसं हवी आहेत, तर त्यातली एक मी आहे. तिचंच घर पाडून तिथे गाडी लावू नका. मित्सुए.'

हे झालं समितीला. आता तुला. इथली जागा मी नोव्हेंबरअखेरीच्या आधीच सोडते आहे. शनिवारी तेवीस नोव्हेंबरला अकरा चाळीसच्या आगगाडीनं येते. वास्तू उभी असेल तर माडीवर राहीन, पाडली असेल तर ठोकळ्यावर बसून राहीन. स्टेशनवर गाडी मात्र आणू नकोस. हल्ली मला गाडी लागते, मळमळतं. पितरांच्या वेळी बोलले नाही एवढंच.

पोट भरून जेवत जा. योशिनोचं लोणचं खारट झालं तरी मुकाट्यानं खा.

राग आहे आणि आशीर्वादही आहेत, दोन्ही घे.

तुझी,
मित्सुए ताई


हिनोसे,
ता. १६ नोव्हेंबर २०१९

ती. ताईस,
तेरुओचे शि. सा. न. वि. वि.

काल तुझं पत्र समितीत वाचलं. मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचलं. संपल्यावर सगळ्यांनी एकदम चहाचे पेले उचलले. हिनोसेत हरकत आहे का हे विचारायची पद्धत आहे, उत्तर द्यायची नाही. अखेर उनोकी खाकरला आणि त्यानं विचारलं, की अहो, आहे असं म्हटलेलं चालतं का? नगराध्यक्षांनी नियमावली काढली. चालत होतं. तेव्हा उनोकी म्हणाला, मग माझीपण आहे. तेरुओ स्वतःचं घर देतोय म्हटल्यावर मी न्हाणीघर कसं राखू, म्हणून गप्प बसलो होतो. ताई, मी गप्प बसलो होतो, कारण मला वाटलं उनोकीची हरकत नाहीये!

मग बांध फुटला. कुणाची मुळ्याला पहिल्यापासून हरकत होती. एकाची, ऐक हं, मी सत्त्याऐंशीत पदपथ काढले त्याला होती. बत्तीस वर्षं मनात ठेवून तो दर नवीन वर्षाला माझ्याकडे तांदळाच्या मोचीच्या वड्या घेऊन येत राहिला. मी त्याच्यासमोर वाकलो. तो म्हणाला, जाऊ द्या, आता काय.

वाहनतळ पुढील विचारासाठी ठेवला, म्हणजे झाला नाही. अनुदान अस्वलवाल्या गावाला गेलं. ते तीन मजली वाहनतळ बांधणार आहेत. आपली समिती विसर्जित झाली, नकाशा नगराध्यक्षांच्या खोलीतच राहिला. तुझं घर उभं आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मेमध्ये विचारलं होतंस, हो की नाही. नाही. तोफू पायी मिळत नाही. डॉक्टर नाही, भाजी नाही, बस आठवड्यातून तीनदा. उनोकीचं न्हाणीघर तेवढं आहे, तेही एक दिवसाआड. आपल्या गावात पायी जगता येत नाही, ताई. आणि ते तसं करण्यात माझा हात आहे. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तू येणार नाहीस या भीतीनं लिहिलं नाही.

दुसरी कबुली. तुला गाडी लागते हे खोटं आहे. तू बोटीनं ओकिनावाला जाऊन आलीस तेव्हासुद्धा तुला काही लागलं नव्हतं. योशिनोनं लिहिलं असणार, तिला मी काही बोललो नाही, बोलणारही नाही. परवाना ऑगस्टमध्येच परत केला. समितीत आजवर सांगितलं नव्हतं, काल शेवटी तेही सांगितलं. कुणी हसलं नाही. परत येताना चौघांनी घरी सोडतो म्हणून विचारलं आणि मी मुकाट्यानं बसलो एकाच्या गाडीत.

सराव म्हणून आज सकाळी बाहेर पडलो. टपालपेटीपर्यंत गेलो. समोरच्या बाई पडदा सरकवून बघत होत्या. मी पेटीची कडी तपासल्यासारखं केलं आणि घरात आलो. छत्तीस वर्षं मी या गावाचे रस्ते आखले, आणि त्यातल्या एकावर उभं राहायची मला लाज वाटते.

तरी तू ये. काही सोय नाही, तरी ये. शनिवारी मी स्टेशनवर पायी येईन. आमच्या घरापासून तीन किलोमीटर आहे, नऊलाच निघेन. येताना मात्र मला एकट्याला जमणार नाही. तू थोरली आहेस, तू पुढे चाल, मी तुझ्या मागून येतो.

लोभ कर, पण आधी ये.

तुझा धाकटा,
तेरुओ